गिरणाकाठची जमीन आणि तिची किंमत

आपल्या ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत विद्यार्थ्यांचे गुणगौरव, देणगीदारांची नामावळी, दिवंगत ज्ञातिबांधवांस श्रद्धांजली आणि एखाद्या पूर्वजाचे चरित्र असा मजकूर दरसाल वाचकांच्या हाती पडतो. यंदा आम्ही एक निराळा विषय घेतला आहे. सार्वजनिक कामासाठी सरकार शेतकऱ्याची जमीन सक्तीने घेते, तेव्हा तिची किंमत कोण ठरवितो, ती कमी वाटल्यास शेतकऱ्याने कोठे दाद मागावयाची, आणि दाद मागण्याचा हा मार्ग आपल्या देशात कसकसा घडत गेला, याचा हा थोडक्यात इतिहास आहे. विषय कोर्टकचेरीचा असल्यामुळे रूक्ष वाटेल. परंतु भडगाव परिसरातील ज्या घरांत जुन्या कागदांची पेटी अद्याप शाबूत आहे, त्यांनी ती एकदा उघडून पाहावी. कालवा, चारी, रस्ता किंवा गावठाण यांपैकी कशासाठी तरी गेलेल्या तुकड्याची एखादी पिवळी पडलेली नोटीस तीत सापडण्याचा संभव पुष्कळ आहे. ती नोटीस वाचता यावी, तिच्यामागची हकीकत कळावी, एवढ्याच हेतूने आम्ही लेखणी उचलली आहे.

गिरणा नदी नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीच्या डोंगरांत उगम पावून मालेगावावरून खानदेशात उतरते आणि चाळीसगाव, भडगाव, पाचोरा या बाजूच्या भूमीला पाणी पाजीत पुढे तापीस मिळते. तिच्या काठची काळी जमीन कापसाला मानवते, आणि पाणी मिळाले की केळीलाही मानवते. जमीन चांगली आणि वाट सपाट, म्हणून प्रत्येक पिढीत कोणते ना कोणते सार्वजनिक काम या खोऱ्यातून गेले. १८६० च्या दशकात मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग चाळीसगाव, कजगाव, पाचोरा आणि जळगाव या गावांवरून आला. इंग्रजी अमदानीतच जामद्याच्या बंधाऱ्यापासून गिरणेचे पाणी कालव्यांनी शेतात फिरू लागले. स्वातंत्र्यानंतर नांदगाव तालुक्यात पांझणजवळ गिरणा धरण बांधण्यात आले. ते १९६९ साली पुरे झाले आणि त्याच्याबरोबर कालव्यांचे व चाऱ्यांचे जाळे पसरले. आता जळगाव, पाचोरा, भडगाव, चाळीसगाव या वाटेने राष्ट्रीय महामार्ग जातो. ही सर्व कामे लोकोपयोगी होती, हे कोणीही नाकारणार नाही. कालव्याने आपल्या शेतांना पाणी दिले आणि रस्त्याने आपला माल बाजाराला नेला. तथापि ज्याच्या शेतातून कालवा गेला त्याला त्या शेताची रास्त किंमत मिळाली की नाही, हा प्रश्न कालव्याच्या उपयोगाहून वेगळा आहे, आणि त्याचा इतिहासही वेगळा आहे.

त्या इतिहासाचा आरंभ मोजणीपासून होतो. खानदेशावर इंग्रजांचा अंमल १८१८ साली बसला. पुढे १८५२ साली नव्या सर्व्हेचे अधिकारी साखळ्या व झेंडे घेऊन शेतांत उतरले, तेव्हा सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांतील रयतेने मोजणीस उघड विरोध केला. मोजणी म्हणजे सारावाढ, अशी लोकांची समजूत होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. सरकारने लष्कर आणून हा विरोध मोडला व मोजणी पुढे पुरी झाली. त्या मोजणीने प्रत्येक शेताला एक सर्व्हे नंबर मिळाला, क्षेत्र आणि आकार कागदावर आले, कब्जेदाराचे नाव दप्तरी चढले. शेतकऱ्याच्या हक्काला त्यामुळे लेखी पुरावा लाभला. मात्र ज्या कागदाने हक्क सिद्ध झाला, त्याच कागदाने ते शेत नेमके दाखवून घेण्याची सोयही सरकारास झाली.

लोहमार्ग आला तो या मोजणीच्या पाठोपाठ. त्या काळच्या करारांप्रमाणे रेल्वे कंपन्यांना लागणारी जमीन सरकार स्वतः संपादन करून विनामूल्य देत असे. सक्तीने जमीन घेण्याचे नियम प्रथम १८२४ साली बंगाल इलाख्यात झाले. १८३९ साली मुंबई व कुलाबा या बेटांसाठी कायदा झाला. आणि १८५७ साली सहाव्या क्रमांकाचा कायदा होऊन सबंध ब्रिटिश हिंदुस्थानाला एकच रीत लागू झाली. या कायद्याप्रमाणे कलेक्टर आणि मालक यांचे किमतीविषयी जमले नाही, तर वाद पंचांपुढे जाई आणि पंचांचा निर्णय अखेरचा मानला जाई. पंचांची पद्धत आपल्या लोकांच्या ओळखीची. परंतु अनुभव असा आला की पंच पुष्कळदा अननुभवी असत, कधी पक्षपातीही असत, आणि त्यांच्या निर्णयावर दाद मागण्यास वाव नव्हता.

म्हणून १८७० साली दहावा कायदा झाला. त्याने पंचांच्या जागी दिवाणी न्यायालय आणले आणि न्यायाधीशाच्या मदतीस असेसर दिले. बाजारभावाखेरीज शेकडा १५ टक्के जादा रक्कम, जमीन इच्छेविरुद्ध जाते म्हणून, मालकास द्यावी हा नियमही याच कायद्यात आला. आज ज्यास दिलासा रक्कम म्हणतात तिचे मूळ हेच. या कायद्यातील एक गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. कलेक्टरने सांगितलेली किंमत मालकास मान्य झाली नाही, किंवा मालक हजरच राहिला नाही, तर प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्याची जबाबदारी खुद्द कलेक्टरवर होती. शेतकरी गप्प बसला तरी त्याचे प्रकरण न्यायाधीशापुढे जात असे.

ही पद्धत खर्चाची आणि दिरंगाईची ठरली, असे सरकारचे मत पडले. त्यातून १८९४ चा पहिला कायदा जन्मास आला. १ मार्च १८९४ पासून अमलात आलेला हा भूमिसंपादन कायदा पुढे जवळजवळ १२० वर्षे देशात चालला. आपल्या पेट्यांतील बहुतेक नोटिसा याच कायद्याखालच्या आहेत. या कायद्याने पूर्वीची व्यवस्था उलटी केली. कलेक्टर, अथवा त्याच्या वतीने भूसंपादन अधिकारी, चौकशी करून निवाडा देणार. तो निवाडा उभयपक्षी कायम होणार. आणि ज्यास तो मान्य नसेल त्याने स्वतः मुदतीत लेखी अर्ज करून प्रकरण न्यायालयाकडे पाठवावयास सांगावयाचे. १८७० च्या कायद्यात शेतकऱ्याचे मौन त्याला न्यायालयात नेत होते; १८९४ च्या कायद्यात तेच मौन संमती ठरले. आमच्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत मोठे वळण हेच होय. ज्या समाजात अक्षरओळख थोडी आणि सरकारी कागदाची धास्ती मोठी, त्या समाजाच्या पदरी या वळणाने काय आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

कायद्याची वाट थोडक्यात अशी होती. कलम ४ ची अधिसूचना प्रसिद्ध होई आणि त्या दिवसाचा बाजारभाव हाच किमतीचा पाया धरला जाई. कलम ६ चे जाहीर प्रकटन, कलम ९ ची नोटीस आणि कलम ११ चा निवाडा हे पुढचे टप्पे. निवाड्याच्या वेळी मालक हजर असेल तर त्या तारखेपासून सहा आठवडे. नसेल तर निवाड्याची नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल तीत कलम १८ चा अर्ज करावा लागे. मुदत चुकली की दार बंद. आणखी एक अट कलम ३१ मध्ये होती. जो मनुष्य कसलीही हरकत न नोंदविता रक्कम उचलील, त्यास कलम १८ खाली दाद मागता येत नसे. हरकत राखून रक्कम घेतली तर मात्र पैसेही हाती पडत आणि हक्कही शाबूत राहत असे. न्यायालयात गेल्यास सरकारने दिलेले तेवढेही जाईल, ही भीती अनेकांच्या मनात असे. परंतु कलेक्टरच्या निवाड्याहून कमी रक्कम न्यायालयाने ठरवू नये, असे कलम २५ मध्ये आरंभापासून लिहिलेले होते.

याविषयी आमच्या घरचीच हकीकत सांगणे प्राप्त आहे. आमच्या आजोबांची बांधालगतची जमीन एका पाटचारीसाठी गेली. रक्कम वाटपाच्या दिवशी ते गेले, दाखविलेल्या जागी सही केली आणि पैसे घेऊन परतले. सरकारशी वाद घालणे त्यांना अप्रशस्त वाटे. शेजारच्या बांधावरील गृहस्थांबरोबर त्यांचा शिकलेला भाचा होता. त्याने मामांच्या सहीच्या वर ‘हरकत राखून’ एवढे दोन शब्द लिहविले आणि मुदतीत अर्ज दिला. दोन्ही शेतांची माती एक, पाणी एक, पीक एक. काही वर्षांनी शेजाऱ्यांस वाढीव रक्कम व्याजासह मिळाली. आमच्या घरी मात्र मूळ पावतीची नक्कल राहिली. आजोबांनी कोणास दोष दिला नाही. परंतु पुढे नातवंडे शाळेत जाऊ लागली तेव्हा, कोठेही सही करण्यापूर्वी वरचा मजकूर वाचा, हे वाक्य ते वारंवार ऐकवीत. त्या वाक्यामागे काय होते, हे आम्हांस फार उशिरा उमगले.

किमतीच्याही पूर्वीचा प्रश्न म्हणजे जमीन घ्यावीच का, हा. १८९४ च्या मूळ कायद्यात त्यावर हरकत घेण्याची सोयच नव्हती. पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी सरकार जमिनी घेऊ लागले, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावे या लढ्याशी कायमची जोडलेली आहेत. धरण थांबले नाही. मुळशीत एक कटू गोष्टही दिसून आली. जमिनीची कागदोपत्री मालकी पुष्कळ ठिकाणी पुण्यातील सावकारांकडे होती आणि नांगर मावळ्यांच्या हाती होता. नुकसानभरपाईचा विषय निघताच या दोघांचे हितसंबंध वेगळे झाले आणि लढ्याचे बळ तुटले. १९२३ साली कायद्यात कलम ५-अ घालण्यात आले आणि संपादनाविरुद्ध लेखी हरकत घेऊन सुनावणी मागण्याचा हक्क मालकास प्रथमच मिळाला.

स्वातंत्र्य आले, घटना झाली आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला. १९५३ साली बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुकसानभरपाई म्हणजे घेतलेल्या वस्तूची खरी भरपाई. नाममात्र रक्कम चालणार नाही. तो कायदा पश्चिम बंगालचा होता आणि त्यात १९४६ अखेरच्या किमतीची मर्यादा घातलेली होती. जमीनदारी निर्मूलनासारखी सुधारणेची कामे त्यामुळे अडतील या चिंतेने १९५५ साली चौथी घटनादुरुस्ती झाली आणि भरपाई पुरेशी आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आला. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच गेला आणि अनुच्छेद ३००-अ चा साधा घटनात्मक हक्क उरला. ही मोठमोठी घटनात्मक भांडणे दिल्लीत चालू असताना गिरणाकाठच्या शेतकऱ्यास आधार राहिला तो १८९४ च्या कायद्यातील कलम १८ चाच. घटनेचा दरवाजा अरुंद झाला तरी ही खिडकी उघडी होती. जळगावच्या न्यायालयात ज्या प्रकरणांस वकील मंडळी एल. ए. आर. म्हणतात, ती याच खिडकीतून आत गेलेली.

त्या खिडकीची चौकट थोडी रुंद करणारे निर्णय मराठी माणसाने अभिमानाने आठवावेत असे आहेत. निवाडा कलेक्टरने आपल्या कचेरीत लिहून ठेवला आणि मालकास त्याची वार्ताच नाही, तर सहा महिन्यांची मुदत केव्हापासून मोजावयाची? १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की निवाडा हा सरकारने पुढे केलेला देकार आहे. तो ज्यास करावयाचा त्यास कळला पाहिजे, आणि त्यास कळला किंवा कळणे शक्य झाले तेव्हापासूनच मुदत धरावी. हा निर्णय न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी लिहिला. दुसरा निर्णय नागपूर सुधार प्रन्यासाच्या खटल्यातील, डिसेंबर १९७२ चा. प्रन्यासाच्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनीस १८९४ च्या कायद्यापेक्षा कमी भरपाई मिळे आणि १५ टक्के जादा रक्कमही मिळत नसे. सात न्यायमूर्तींच्या पीठाने हा भेद घटनेच्या समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. जमीन कोणत्या कामासाठी वा कोणत्या कायद्याखाली घेतली, याच्याशी मालकाचा संबंध नाही. एकाच शेताला दोन किमती असू शकत नाहीत, हा त्या निर्णयाचा आशय. नागपुरात पेरलेल्या या बीजाचे पीक भडगावच्या महामार्गापर्यंत कसे आले, ते पुढे सांगू.

आता न्यायालयात किंमत ठरते कशी, याचा विचार करू. पुण्याजवळील जमिनीविषयीच्या चिमणलाल हरगोविंददास प्रकरणात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही रीत नीट मांडून दिली. कलम १८ चे प्रकरण म्हणजे निवाड्यावरील अपील नव्हे. न्यायालयाने किंमत नव्याने ठरवावयाची असते. दावेदाराची भूमिका वादीची, म्हणून दिलेली किंमत अपुरी आहे हे पुराव्याने दाखविण्याचा भार त्याच्यावर. अधिसूचनेच्या तारखेला एखाद्या राजीखुषीच्या विकणाऱ्यास राजीखुषीच्या घेणाऱ्याकडून काय मिळाले असते, हा प्रश्न. त्याचे उत्तर शोधावयाचे ते आसपासच्या, त्याच सुमाराच्या खऱ्या खरेदीखतांवरून. रस्त्याला लागून असणे, आकार नीट असणे, गावठाणाजवळ असणे यांनी किंमत चढते. आत असणे, खोलगट असणे, क्षेत्र फार मोठे असणे यांनी ती उतरते. छोट्या प्लॉटच्या भावाने मोठे शेत मोजताना शेकडा २० ते ५० पर्यंत वजावट होऊ शकते. फळबागेची किंमत उत्पन्नावरून काढली, तर तीच जमीन व झाडे पुन्हा वेगळी मोजून घेता येत नाहीत. हे आपल्या लिंबू-मोसंबीच्या बागायतदारांनी जाणून असावे.

येथे आम्हांस एक अप्रिय गोष्ट स्पष्ट बोलावी लागत आहे. सगळी मदार खरेदीखतावर. आणि आपल्या लोकांनी खरेदीखतात काय लिहिले? मुद्रांक शुल्क वाचावे, पैशाचा डोळ्यावर येणारा आकडा नको, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खरी किंमत एक आणि लिहिलेली किंमत दुसरी, असा व्यवहार राजरोस चालत आला. त्या दिवशी घेणारा व विकणारा दोघेही समाधानाने घरी गेले. परंतु दहा वर्षांनी त्याच शिवारातून कालवा निघाला, तेव्हा सरकारी वकिलाने न्यायाधीशापुढे तेच खरेदीखत ठेवले आणि विचारले की या गावात जमीन या भावाने विकली जाते, मग दावेदार अधिक कशाच्या आधारावर मागतो? दावेदाराजवळ उत्तर नव्हते, कारण सही त्याच्याच चुलतभावाची होती. एका घराने शुल्काचे चार पैसे वाचविले. त्याची किंमत सबंध शिवाराने मोजली. सरकारने किंमत कमी दिली अशी तक्रार आपण करतो आणि ती अनेकदा खरी असते. परंतु ती किंमत कमी ठरविण्याचा पुरावा आपणच निबंधकाच्या कचेरीत नोंदवून ठेवलेला असतो, हेही तितकेच खरे.

कोर्ट-फीच्या बाबतीतही असेच झाले. मागणीच्या प्रमाणात फी भरावी लागे, म्हणून गरीब दावेदार मागणीच लहान ठेवी. आणि जुन्या कलम २५ प्रमाणे नोटिशीच्या उत्तरात मागितले त्याहून अधिक न्यायालयास देता येत नसे. १९८४ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ही मर्यादा गेली. २४ सप्टेंबर १९८४ पासून अमलात आलेल्या त्या दुरुस्तीने दिलासा रक्कम १५ वरून ३० टक्के केली; अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा यांपैकी आधीच्या तारखेपर्यंत दरसाल १२ टक्के जादा रक्कम दिली; आणि न्यायालयाने वाढविलेल्या रकमेवरील व्याज ६ टक्क्यांऐवजी पहिल्या वर्षी ९ व पुढे १५ टक्के केले. प्रकटनापासून दोन वर्षांत निवाडा झाला पाहिजे, नाही तर संपादन रद्द, असेही बंधन आले. खरेदीखताची प्रमाणित नक्कल पुराव्यात घेण्याची सोय झाली. त्यापूर्वी त्या व्यवहारातील एखाद्या मनुष्यास साक्षीसाठी पकडून आणावे लागत असे.

या दुरुस्तीतील कलम २८-अ आमच्या आजोबांसारख्या माणसांसाठीच लिहिले गेले, असे वाटते. एकाच अधिसूचनेखाली जमिनी गेलेल्यांपैकी एकाने न्यायालयात जाऊन वाढ मिळविली, तर ज्यांनी कलम १८ चा अर्जच केला नव्हता, त्यांना न्यायालयाच्या त्या निर्णयापासून तीन महिन्यांच्या आत कलेक्टरकडे अर्ज करून तोच दर मागता येऊ लागला. रक्कम हरकतीशिवाय घेतली असली तरी या कलमाचा लाभ नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ साली सांगितले. १८९४ साली जे मौन संमती ठरले होते, त्यास ९० वर्षांनी काही अंशी क्षमा मिळाली. मात्र येथेही तीन महिन्यांची मुदत आहेच. शेजाऱ्याचा निकाल केव्हा लागला हे ज्यास कळले, त्यालाच तिचा उपयोग. भाऊबंदकीमुळे बांधावर बोलणे बंद असलेल्या घरांत किती जणांची मुदत अशी कोरडी गेली असेल, कोणास ठाऊक.

१ जानेवारी २०१४ पासून १८९४ चा कायदा संपला आणि २०१३ चा नवा कायदा लागू झाला. त्यात लगतच्या तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी अधिक किमतीची निम्मी निवडून त्यांची सरासरी काढतात. ती आणि मुद्रांकाचा सरकारी दर, जो रेडीरेकनर म्हणून सर्वांस ठाऊक आहे, यांत जे अधिक ते धरतात. ग्रामीण भागात त्यास १ ते २ या दरम्यानचा गुणक लागतो आणि वर दिलासा रक्कम शेकडा १०० मिळते. दाद मागण्याची मुदत पूर्वीसारखीच सहा आठवड्यांची व सहा महिन्यांची असली, तरी सबळ कारण दाखविल्यास कलेक्टर आणखी एक वर्षापर्यंतचा उशीर माफ करू शकतो. प्रकरण आता दिवाणी न्यायालयाऐवजी खास प्राधिकरणाकडे जाते. कमी लिहिलेल्या खरेदीखतांचा दोष या कायद्याने थोडा सौम्य केला आहे, नाहीसा केलेला नाही. जेथे सगळीच खते खोटी, तेथे त्यांतील वरची निम्मी तरी खरी कशी असणार?

महामार्गाची वाट मात्र निराळी आहे. ती १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याने जाते. सक्षम प्राधिकारी रक्कम ठरवितो. ती मान्य नसल्यास केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जावे लागते. आणि लवादाच्या निवाड्यावर जिल्हा न्यायालयात मर्यादित कारणांवरच हरकत घेता येते. तेथे न्यायाधीशाला रक्कम स्वतः वाढविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली म्हटले होते. २०२५ साली घटनापीठाने लवादाच्या निवाड्यात मर्यादित फेरफार करण्याचा अधिकार मान्य केला. १९९७ सालच्या दुरुस्तीने या संपादनांतून दिलासा रक्कम व व्याज वगळण्यात आले होते. २०१३ च्या कायद्याचे दर त्यास २०१५ पासून लागू झाले. पण मधल्या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचे काय? १९ सप्टेंबर २०१९ रोजी तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही वगळणूक घटनाबाह्य ठरविली, आणि त्यासाठी आधार घेतला तो नागपूर सुधार प्रन्यासाच्या १९७२ मधील निर्णयाचा. हा लाभ केवळ पुढील काळापुरता नाही, असेही त्या न्यायालयाने २०२५ साली सांगितले. नागपूरच्या शेतकऱ्याने जिंकलेले तत्त्व ४७ वर्षांनी देशभरच्या महामार्गांवर उपयोगी पडले.

न्यायालयातून रक्कम वाढून आली म्हणजे प्रश्न संपला, असेही होत नाही. पुष्कळदा तेथूनच घरातील प्रश्न सुरू होतो. सातबाऱ्यावर नाव थोरल्याचे, कसणारा धाकटा, आणि हिस्सा सर्वांचा. मग रक्कम कोणाची? जुन्या कायद्याच्या कलम ३० खाली अशा वाटपाच्या वादांची प्रकरणे न्यायालयात येत, आणि वर्षानुवर्षे रक्कम तेथेच अडकून पडे. मुलींच्या हिश्शाविषयी तर आपल्या ज्ञातीत अजूनही संकोच आहे. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्र सरकारने २००५ साली कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीस मुलाबरोबरीचा हक्क दिला आहे. जमीन आहे तोवर बहीण गप्प राहते. जमिनीचे पैसे झाले की ती हिस्सा मागते, असे काही लोक तक्रारीच्या सुरात म्हणतात. आम्ही त्यांस विचारतो, हक्क जमिनीत होता तर तो पैशात का नसावा? सरकारने आपला हक्क डावलला म्हणून न्यायालयात जाणाऱ्याने बहिणीचा हक्क डावलू नये, यातच त्याच्या दाव्याची शोभा आहे.

या सर्व विवेचनातून आम्हांस जे सांगावयाचे ते थोडके आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या देशाच्या कायद्याने शेतकऱ्याला दाद मागण्याचा हक्क दिला. परंतु तो हक्क गप्प बसणाऱ्यास दिला नाही. जो नोटीस वाचतो, मुदत सांभाळतो, ‘हरकत राखून’ लिहितो आणि खरेदीखतात खरी किंमत मांडतो, त्याच्याच बाजूने न्यायालयास बोलता आले. म्हणून आमची ज्ञातिबांधवांस आणि भगिनींस विनंती आहे की अधिसूचना, नोटीस, निवाड्याची नक्कल, सातबारा, फेरफार, पीकपाण्याची नोंद, विहीर व पाइपलाइनची बिले, बाजार समितीच्या पट्ट्या हे सर्व एका जागी, तारखेने लावून ठेवावे. पाहणीच्या वेळी शेतावर हजर राहून विहीर, झाडे व बांधकाम यांची नोंद पंचनाम्यात करून घ्यावी. शेजाऱ्याचे प्रकरण चालू असेल तर त्याचा निकाल विचारीत राहावे, बोलणे बंद असले तरी विचारावे. आणि आपल्या संस्थेने वर्षातून एक दिवस असा ठेवावा की ज्या दिवशी ज्ञातीतील जाणते वकील व निवृत्त महसूल कर्मचारी गावोगावच्या घरांच्या नोटिसा वाचून त्यांचा अर्थ सांगतील. विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाइतकेच हेही ज्ञातिकार्यच होय.

आमच्या आजोबांच्या पेटीत ती पावती अजून आहे. तिच्यावरील सही सुवाच्य व वळणदार आहे, आणि तिच्या वरची जागा कोरी आहे. ती कोरी जागा पाहिली की आम्हांस त्या दोन शब्दांची आठवण होते. आपल्यापैकी कोणाच्याही घरातील यापुढच्या पावतीवर ती जागा कोरी राहू नये, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतो.